नानांचं नाक

नाना, तुम्हाला वास येत नव्हता. हे मला आज सकाळी कळलं, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, आणि तेही दूध करपलं म्हणून. पातेलं गॅसवर ठेवून मी फोनवर बोलत बसले होते. आई आता माझ्याकडेच धुळ्याला असते. ती भाजी निवडता निवडता उठली, गॅस बंद केला आणि हसून म्हणाली, "बापलेक सारखाच शेतस. पन त्यासले तं वासच नही ये, तुले काय झायं?" मला आधी कळलंच नाही, कोणाला वास येत नाही ते. "तुना नानाले. तू धाकली व्हती, मोठा ताप उना आन् वास गया तो गयाच. तुले माहीत नही का? म्हनीसन तं तुले गॅरेजमा संगे लई जायेत." एवढं बोलून ती पुन्हा मेथी निवडायला बसली. मी तिथेच फरशीवर बसून करपलेलं पातेलं घासत राहिले.

गॅसचं काम करणारा माणूस, आणि त्याला वास नाही! जळगावचं आपलं गॅरेज माझ्या डोळ्यांसमोर आहे. पेट्रोलच्या गाडीला तुम्ही गॅसचं किट बसवायचात. डिकीत टाकी, तिथून गाडीच्या पोटाखालून इंजिनापर्यंत नळी, स्टेअरिंगजवळ पेट्रोल-गॅसचं बटण. बसवून झालं की दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचात आणि फुगा येतो का, ते डोळे बारीक करून बघायचात. एकदा बघून समाधान नाही, परत फेस, परत बघणं. मग हाक यायची, "ये माय. वास शे का?" मी कॉलेजची वही बाकावर टाकून आधी डिकीत, मग बॉनेटखाली डोकं घालायचे. मी "नही" म्हटल्याशिवाय किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडायची नाही. तुम्हीच सांगितलं होतं, या गॅसला स्वतःचा वास नसतो, माणसाला कळावं म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. कोणी पोरीला गॅरेजात बघून भुवया उंचावल्या, तर तुम्ही म्हणायचात, "मनी पोर मनं नाक शे." लोक माना डोलवायचे. घराचं नाक म्हणजे घराची अब्रू, असंच सगळ्यांनी ऐकलं आणि मीही तसंच ऐकलं. भावकीत कोणी माझ्या काळ्या नखांना नाक मुरडलं की ते वाक्य आठवून मी ताठ मानेने चालायचे. तुम्ही मात्र शब्दशः खरं सांगत होतात.

आता एकेक दिवस उलटा होऊन समोर येतोय. मैत्रिणीच्या हळदीला माळलेला गजरा तसाच घालून मी गॅरेजात आले, तर तुम्ही तो ओढून रस्त्यावर फेकलात. चार माणसांत मी रडले. मला सर्दी झाली की तुम्ही गॅसचं काम बंद ठेवायचात, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचात, आणि आई काढा करायची. मला वाटायचं, काय जीव आहे बापाचा माझ्यावर! आणि नातेवाइकांत तुमचं ते कौतुक, नाना अन्नाला कधी नावं ठेवत नाहीत, घ्या शिकून. काकू तर काकांना रोज तुमचा दाखला द्यायच्या. करपलेलं वरण, उतरलेली भाजी, सगळं तुम्ही मुकाट्याने जेवायचात. आख्ख्या भावकीने तुम्हाला संत करून ठेवलं, आणि कोणाच्याही डोक्यात आलं नाही की या माणसाला कळतच नसेल.

सगळ्यात जास्त तो सावद्याच्या व्यापाऱ्यांचा दिवस छळतोय. केळीवाले, लग्नाला निघालेले, गाडीत बायका बसलेल्या, मागच्या सीटवर मुलांची दाटी. तुमचा फेस लावून झालाय, एक फुगा नाही. मी डिकीत डोकं घालते आणि म्हणते, शे. व्यापारी वैतागतात, "काय नाना, पोरीच्या नाकावर काय थांबवता? तुम्हीच वास घ्या ना!" तुम्ही वाकता, लांब श्वास घेता, मग वळून माझ्याकडे बघता. मला वाटतं, माझी परीक्षा बघताय. "ती शे म्हनस तं शे," म्हणत तुम्ही सगळ्यांना खाली उतरवता. टाकीच्या तोंडाशी, ब्रश पोचत नव्हता अशा जागी, वॉशर नीट बसला नव्हता. नंतर तुम्ही टायरवर बसलात आणि पाण्याचा अख्खा तांब्या डोक्यावर ओतून घेतलात. मी म्हटलं, ऊन लागलं. आज कळतंय, त्या डिकीत वाकून तुम्हाला कसलाच वास आला नव्हता. मी कंटाळून "नही" म्हटलं असतं तर? ती मुलं, नाना! असा जुगार तुम्ही कसा खेळलात, आणि माझ्या जिवावर, मला न सांगता? मी तुमची लेक होते की नुसतं नाक?

लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही माझ्या मुठीत अत्तराची कुपी ठेवलीत. "आते लाव," म्हणालात, म्हणजे आता लाव. गजऱ्याची भरपाई असेल असं मला वाटलं. पण इथे हायवेला आम्ही दोघा नवराबायकोनी किट बसवायचं गॅरेज टाकलं, कामाच्या जागी फूल-अत्तर नको हा तुमचाच नियम चालू राहिला आणि कुपी कपाटात पडून राहिली. आता गॅस ओळखणारं यंत्र आहे, तरी शेवटी डोकं मीच घालते. माझ्या लग्नानंतर तुम्ही मात्र गॅसची एकही गाडी घेतली नाहीत. गुडघे दुखतात म्हणालात, आणि त्याच गुडघ्यांवर बसून कार्बोरेटर साफ करत राहिलात. मनात आणलं असतंत, तर दुसरं नाक मिळालं असतं. तुम्ही शोधलंच नाहीत. एवढ्याने राग जात नाही, पण सकाळी होता तसा तो राहिलाही नाही.

दुपारी ती कुपी उघडली. नाना, काय घाण वास आहे हो! फिनेलमध्ये उदबत्ती विझवल्यासारखा. दुकानदाराने वाट्टेल ते गळ्यात मारलं असणार, आणि तुम्ही काउंटरला उभे राहून ते हुंगून, मान डोलावून घेतलं असणार. मी हसले, मग हसता हसता जे रडू आलं ते थांबेना. तेच अत्तर दोन्ही मनगटांना लावलं.

हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही, तिच्या लेखी ही कधीचीच जुनी गोष्ट आहे. संध्याकाळी पिंपळनेरचे एक भाऊ गाडी न्यायला आले. शेवटची तपासणी तेवढी राहिली होती. ह्यांनी हाक मारली, "ये गं, वास घे." मी दारातूनच सांगितलं, "भाऊ, उद्या या, मला सर्दी झालीय. सर्दी असली की आमच्याकडे गाडी देत नाहीत." लाल नाक बघून त्यांना पटलं.

सर्दी नव्हती, नाना.