ट्रंपेटवाल्याचा दात

खांदेश्वर,
१० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादास,

धनाजीचा नमस्कार. साष्टांग घालत नाही, कारण डॉक्टरांनी आठ दिवस खाली वाकायला मनाई केली आहे. मंजुषा बरी आहे, जाईची सहामाही चालू आहे. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल.

पत्र बघून दचकू नकोस. वरच्या हिरडीला टाके आहेत, फोनवर मोठ्याने बोलता येत नाही. आणि तसंही फोनवर तू मला कधी बोलू देतोस? काल बँडमधला जोतीराम तुझा निरोप देऊन गेला. इतका संताप झाला की पेजेची वाटी तशीच बाजूला ठेवली.

म्हणे, "तो काळा दात काढून टाक. खोटा बसव आन् तुळशीच्या लग्नाला बँडमध्ये उभा ऱ्हा. नायतर ट्रंपेट जमा कर." वा रे वा! बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण तू बँडमास्तर! तीस वर्षं स्वतः वरच्या दातांवर क्लॅरिनेट टेकवून वाजवतोस. माझा ओठ समोरच्या त्या दाताच्या आधारावर असतो, म्हणून वरचा सूर निघतो. तो दात गेल्यावर मी काय करू, झांजा वाजवू? महाप्याच्या कंपनीत दिवसभर खोकी बांधतो मी. ट्रंपेट हातात असतो तेवढाच वेळ माणसात असल्यासारखं वाटतं. तेही काढून घेणार?

चूक माझीही आहे, नाही असं नाही. हिरडीवर वर्षभर पुटकुळी यायची, फुटायची, पू जायचा. दुखत काहीच नव्हतं. आणि आपल्या लोकांची रीत तुला ठाऊक आहे, सीझन संपेपर्यंत डॉक्टरला तोंड दाखवायचं नाही. लवंग दाबून अख्खा उन्हाळा वाजवला.

शेवटी मंजुषाने धरून नेलं. डॉक्टर अरुणा मॅडमनी एक्स-रे दाखवला. दाताच्या मुळाशी वाटाण्याएवढा काळा गोल. सिस्ट म्हणतात, पाण्याची पिशवी. आतून हाड खात बसली होती. मी आपला म्हटलं, "मग काढायचा का दात?" तर मॅडम माझ्यावरच उखडल्या. "घट्ट दात आहे, कशाला काढायचा? आजारी मूळ आहे, ते बरं करू." आधी रूट कॅनल केलं. मग सोमवारी हिरडी उघडून पिशवी काढली, मुळाचं टोक कापून बंद केलं. हाड भरायला सहा-आठ महिने लागतील. ट्रंपेट अडीच महिने तोंडाला लावायचा नाही. दात जागेवर आहे दादा, माझा स्वतःचा.

मॅडमनी एक विचारलं, "या दाताला कधी मार बसला होता का? बसल्याबरोबर कळत नाही, आतली नस मरते आणि वर्षांनी असं होतं." मी म्हटलं, लहानपणी पायरीवरून पडलो.

तेच सांगत आलोय. आईला सांगितलं, मंजुषाला सांगितलं. तूच तर शिकवलं होतंस.

कसली पायरी, दादा? कोरेगावची वरात. मी सोळा वर्षांचा. तुझ्या खुणेआधी पुढचं गाणं उचललं, एवढाच माझा गुन्हा. आणि तू मागून डोक्यात हाणलीस. ट्रंपेट तोंडाला होता रे! माउथपीस दातावर आदळलं, तोंडभर रक्त आलं. तू म्हणालास, "गीळ आन् वाजव." मी गिळलं आणि वरात दारात पोचेपर्यंत वाजवलं. एकदा तरी जवळ घेऊन विचारलंस का, लागलं का म्हणून? सतरा वर्षांत एकदा? आणि आज तोच दात तुला नको झालाय, काळा पडला म्हणून. कुणामुळे पडला?

काल रात्रीचं जेवण झाल्यावर सगळं मंजुषाला सांगितलं. ती तुला फोन लावणार होती, मीच थांबवलं. सोमवारी टाके काढायला जाईन तेव्हा मॅडमनाही खरं सांगणार आहे. खोटं लिहिलेला केसपेपर मला नको.

सीझन चुकवेल त्याने वाद्य जमा करायचं, हा नियम तू केलास. मान्य. पण ज्याने दुसऱ्याचा दात मारला त्याने काय जमा करायचं, ते तुझ्या नियमात कुठे आहे? जोतीरामला मी रिकाम्या हाताने परत पाठवलाय. त्याच्यावर ओरडू नकोस, त्याचा काही दोष नाही.

या तुळशीच्या लग्नांना मी नाही. जानेवारीत येईन आणि वाजवीन. तेव्हा तू माझ्यासमोर उभा राहा. मागे नाही.

तुझा भाऊ,
धनाजी

दरवेळी इथे 'आज्ञाधारक' लिहीत होतो. या वेळी विसरलेलो नाही.