बरा हो, पण सावकाश

९ जानेवारी
नणंदेचा फोन! घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. "वहिनी, दादा तुला शोधतोय. म्हणतो, बायको बाजारात गेलीये, अजून कशी आली नाही?"
सात वर्षं झाली आम्हाला वेगळं होऊन!
गेले. मला बघताच म्हणाला, "आलीस? चल, डाग झाकून टचिंग करायच्या निगेटिव्ह पडल्यात ढीगभर." आमचा फोटो स्टुडिओ बंद पडून जमाना झाला.

१४ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी समजावलं. छातीच्या हाडामागे कॅन्सरची गाठ आहे, लहानशी. तिच्याशी लढायला शरीरानं जी फौज उभी केली, तीच मेंदूवर उलटलीये — आठवणींच्या जागेवर. म्हणजे चोर सोडून घरच्यांनाच बडवणं! गाठ काढायची, फौज आवरायची औषधं द्यायची.
"आठवणी परत येतील?"
"बऱ्याचशा येतील."
बऱ्याचशा म्हणजे कुठल्या, ते विचारलं नाही.

२ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. मी त्याच्याकडेच राहतेय. नणंद म्हणते, लोक काय म्हणतील? म्हणू देत!

११ फेब्रुवारी
बाथरूममधून ओरडला, "दार उघडू नकोस, फिल्म धुतोय!" बघते तर बादलीत बनियन. हसून हसून पुरेवाट झाली. मग रडूच आलं.
डार्करूममधल्या त्या लाल दिव्याखाली किती बोलायचो आम्ही! ट्रेमध्ये कागद हलवता हलवता तो गिऱ्हाइकांच्या नकला करायचा — फुगून बसलेला नवरदेव, पोट आत ओढणारे मामा. फोटो उमटून वाळायचे, तरी आमचं बोलणं संपायचं नाही.
पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आले. स्टुडिओला कुलूप लागलं, आणि याच्या तोंडालाही. हूं नाही की चूं नाही. भिंतीशी संसार करणार तरी किती? म्हणून निघाले होते मी.

२० फेब्रुवारी
भाचीचं नवं कॉलेज आज बरोबर सांगितलं त्यानं. औषध लागू पडतंय. नणंदेला कोण आनंद!
मला मात्र वेगळीच भीती. हा बरा झाला की तो मुका परत येणार. बरा हो रे बाबा — पण जरा सावकाश हो!

१ मार्च
सकाळपासून नकला चालल्या होत्या. मी हसत होते. मधेच थांबला. "आठवडा झाला, सगळं आठवतंय मला. कोर्टसुद्धा."
मी हातातली वाटी खाली ठेवली. "मग बोलला का नाहीस?"
"रोज बोलतच तर होतो की! गप्प बसलो असतो, तर पुन्हा गेली असतीस."