बुटांची ओळ

स्प्लिट, ३ मार्च १९६९

ती. लुत्साताईस,
धाकट्या दारिंकाचा सा. न. वि. वि. येशू-मरियेच्या कृपेने इकडे सर्व ठीक, तिकडेही तसंच असो.

बातमी अशी की उन्हाळ्यातल्या गीतमहोत्सवात मला घेतलंय! रोज संध्याकाळी हॉटेलच्या पाहुण्यांपुढे घसा फोडला त्याचं चीज झालं. गाणंही मीच लिहायचंय. आमचे संगीतकार म्हणतात, समुद्र-चांदणं पुरे झालं, खरे शब्द आण. हसू नकोस हं. शाळेतले निबंध तुझ्याकडून लिहून घेणारी मी आता गीतकार होणार!

एक मागते. मियोदादाला पुरलं त्या दिवशी माझी बस डोंगरात बंद पडली आणि मी पोचले तोवर माती लोटून झाली होती. आईने त्याच्यावर जो विलाप केला तो मी ऐकलाच नाही. गाव अजून त्याबद्दल बोलतं. मला लिहून पाठव. जवळ ठेवीन, बाकी काही नाही.

लोभ आहेच, त्यात एका पत्राची भर पडावी.
तुझी दारिंका


कामेनिक, १९ मार्च १९६९

चि. दारिंकास,
अनेक आशीर्वाद. मागू नये ते मागितलंस. विलापाचे शब्द मेलेल्याचे असतात, हे तुला मी सांगायला हवं का? ते थडग्यापाशी म्हणायचे, घरात नाही. घरात म्हटले तर दुसरी शवपेटी घरात मागवल्यासारखं. आईसुद्धा आता ते वर्षातून एकदा, दोन नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी, त्याच्या कबरीवर म्हणेल तेवढंच.

पण तुझ्या वाट्याला नीट रडणंही आलं नाही, म्हणून लिहिते. कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसलेय, म्हणजे घरात लिहिलं असं होणार नाही. आई म्हणाली ते असं:

मियो, लेका, जर्मनांची उंच घरं बांधलीस, त्यांना दारं लावलीस, खिडक्या लावल्यास. तुझं घर सुताराने एका दुपारीत केलं, त्याला दार नाही, खिडकी नाही. परांचीवर चढलास तेव्हा मी कुठे होते, खाली झोळी धरायला? तुझे नवे बूट उंबऱ्यात आहेत, लेका, त्यांना अजून आपला चिखल लागायचाय. ते कोण घालेल? माझे पाय लहान आहेत.

वाचून झालं की जाळ. शपथ आहे.

आपल्या माणसांत राहा, अंगावर गरम घाल, आणि लोभ इकडेही थोडा शिल्लक ठेव.
लुत्सा


स्प्लिट, १४ जुलै १९६९

ती. लुत्साताईस,
सा. न. वि. वि. ताई, प्रेक्षकांचं पहिलं बक्षीस! लोकांनी तीनदा गायला लावलं. पाटीवर लिहिलं होतं, शब्द आणि स्वर: दारिया. दारिंका म्हणे खेडवळ वाटतं.

तू ओळखशील म्हणून आधीच सांगते. 'लेका'चं 'सख्या' केलंय, घर किनाऱ्यावर नेलंय, परांची नाही, आणि बूट काढून टाकले. संगीतकार म्हणाले, बुटांवर कोण नाचणार? दार नाही, खिडकी नाही, एवढंच धृपदात ठेवलं. कुणाला कळायचंही नाही. आणि दादाला आवडलंच असतं, तो तर लग्नात सगळ्यांच्या आधी उठून गायचा.

रेडिओवर लागेल तेव्हा आईला जवळ बसव. लोभाची फार गरज आहे आत्ता.
दारिंका


कामेनिक, २ ऑगस्ट १९६९

चि. दारिंकास,
आशीर्वाद. बसवायची वेळ आली नाही. मांदामावशीच्या अंगणात आम्ही सगळ्या तंबाखूची पानं दोऱ्यात ओवत होतो आणि तिचा रेडिओ चालू होता. तुझा आवाज ओळखून आईने मान ताठ केली, बायकांकडे बघितलं. धृपद आलं तशी सुई तिच्या बोटात गेली. बायका म्हणाल्या, काय गोड गाणं, बाई! मावशीने ओळखलं, पण ती खाली बघत राहिली. आईने मला विचारलं, तिला कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी.

आई म्हणते, माझ्या पोराला दोनदा पुरलं, दुसऱ्यांदा टाळ्या वाजवून. तिचं एकच मागणं आहे. ते गाणं थांबव. तोवर ती कबरीवर तोंड उघडणार नाही. शब्द आता त्याचे राहिले नाहीत म्हणते.

माझाही दोष आहे, तो मी भोगतेय. लोभ राहावा असं वाटत असेल तर एवढं ऐक.
लुत्सा


लेनिनग्राड, ९ फेब्रुवारी १९७५

ती. लुत्साताईस,
सा. न. वि. वि. दौऱ्यावर आहे. इथे आमच्या तबकड्यांसाठी बर्फात रांगा लागतात. शब्द कुणाला कळत नाहीत आणि रडतात मात्र सगळे.

थांबवते म्हणून तीनदा ठरवलं गं. पण ते गायल्याशिवाय मला कुणी मंचावरून उतरू देत नाही. त्यानंतर चाळीस गाणी लिहिली, जीव ओतून लिहिली. एकही कुणी गुणगुणत नाही. मागच्या शरदात स्टुटगार्टला आपल्या कामगारांपुढे गायले. सिमेंटच्या हातांची ती माणसं उभी राहून गात होती. मला वाटलं, तिसऱ्या रांगेत दादाच बसलाय.

आई सहा वर्षं माझ्याशी बोललेली नाही. तिला विचार, ते एक गाणं सोडलं तर माझ्यापाशी काय उरतं? मलाही माहीत नाही, म्हणून विचारते.

लोभ असेल तिथून थोडा पाठवावा.
दारिंका


कामेनिक, १७ ऑक्टोबर १९८३

चि. दारिंकास,
आशीर्वाद. आई आता फार दिवसांची सोबतीण नाही. माणसं ओळखते, पण मध्येच सुटतं. राग गेलाय म्हणते. येत्या मृतांच्या दिवशी तिला मियोच्या कबरीवर जाऊन एकदा, शेवटचं, ते म्हणायचंय.

आणि शब्द येत नाहीत. दार नाही, खिडकी नाही, इथवर येते आणि पुढे तुझी चाल लागते. मग स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेते. मला विचारते, तर मलाही येत नाही! लग्नात तेच, बसमध्ये तेच, पोरी अंगणात तेच. चौदा वर्षं कानांवर तेच पडलंय. बुटांचं काहीतरी होतं, एवढं आठवतं. बुटांचं काय होतं गं? मांदामावशी वारली, आता कुणाला विचारू?

माझं ते पत्र परत पाठव. तू माझं कधी ऐकलं नाहीस. या एका गोष्टीतही ऐकलेलं नसो, अशी प्रार्थना करतेय. दोन तारखेच्या आत पोचायला हवं. लोभाचं नंतर बघू.
लुत्सा


झाग्रेब, २७ ऑक्टोबर १९८३

ती. लुत्साताईस,
सा. न. वि. वि. जाळलं गं. तू सांगितलंस म्हणून नाही. सत्तर साली एक पत्रकार घरी आला होता, शब्द कसे सुचले विचारत. मी म्हटलं, समुद्राकडे बघताना. आम्ही बसलो होतो त्याच टेबलाच्या खणात तुझं पत्र होतं. तो गेल्यावर चुलीत घातलं, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

दोन दिवस कागद घेऊन बसलेय. बूट जुने होते की नवे, तेही आठवत नाही. मी गीतकार आहे ना? मग काहीतरी जुळवून पाठवू का, असंही मनात आलं. लाज वाटली.

दोन तारखेला जमत नाही, टेलिव्हिजनचं काम बारा तारखेला, शनिवारी संपतं. त्या रविवारी निघते. आईला सांग, मी येतेय.
दारिंका


कामेनिक, ५ नोव्हेंबर १९८३

श्रीमती दारिया यांस,
रविवारी यायची घाई नको. आई गुरुवारी पहाटे गेली, काल पुरलं. तिच्यावर कुणी विलाप म्हटला नाही. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी ओठ मिटून उभी राहिले.

बुधवारी तिला खुर्चीत बसवून मियोच्या कबरीपाशी नेलं होतं. तुझं पत्र आलं होतं, म्हणून मी तिला म्हटलं, आई, येईल ते म्हण. आणि चौदा वर्षांनी तिने तोंड उघडलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाली. सख्या, किनारा, सगळं. तू घेतेस तिथेच श्वास घेऊन, धृपद दोनदा. या खेपेला चापट मारून घेतली नाही. बायका ढसाढसा रडल्या.

मग तिने माझा हात धरला आणि विचारलं, किती वाईट वाटतं गं, पण हा पोरगा कोण? मी म्हटलं, कुणी नाही आई, गाण्यातला आहे.

पत्राच्या शेवटी लोभाचं लिहायची हाताला सवय आहे, म्हणून इथेच थांबवते.
लुत्सा