धाकटीची ड्यूटी

"आत्ता बोलायला वेळ नाही, ड्यूटीवर आहे," असं म्हणून परवा तू माझा फोन ठेवलास. सख्ख्या थोरल्या बहिणीचा. आणि वर गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला फोटो पाठवलास. त्यात नाक आहे त्याहून सरळ आलंय, ते असो.

धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. गुडघे काय म्हणतात? माझे होते तसेच आहेत.

इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालायला या वयात तुला ठेवलं, बरं झालं. (घडी घालायला शिकवलं कोणी, हे तिथं सांगितलं नसशीलच.) मी जळत नाही. पण हा ‘ड्यूटी’ शब्द या घरात माझ्या आधीपासून नांदतोय, म्हणून सांगते. मामंजींच्या वेळी ड्यूटी म्हणजे घरात आवाज नको. ते पाण्याच्या पंपावरची रात्रपाळी करून येऊन झोपले की रडतं पोर घेऊन मी गल्लीत. आमच्या ह्यांच्या वेळी ड्यूटी म्हणजे नेमकं नको त्या दिवशी घरी नसणं. मग नर्स सून आली. वाटलं, चला, शब्द बायकांच्या हाती आला. तर तो तिची पोरगी माझ्या मांडीवर टाकून निघून गेला. तीच पोरगी आता मोबाइलमध्ये बघून सांगते, की मूळ इंग्रजीत याचा अर्थ दुसऱ्याचं देणं, मग सरकारी कर, मग शिपायाचा पहारा, मग नोकरी. म्हटलं, एवढी घरं फिरला मेला, आमच्या स्वयंपाकघराचं दार तेवढं सापडलं नाही त्याला.

म्हणून सोमवारी मी सकाळीच जाहीर केलं, आजपासून मीही ड्यूटीवर. कोणी मान वर केली नाही. स्वयंपाक रोजच्यासारखाच झाला होता ना. संध्याकाळी पदर झटकून म्हटलं, ड्यूटी संपली, आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसले. तर घर हादरलं. मुलगा कपाळाला हात लावून बघतोय, सून नाडी धरतेय. उचलून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आजी, काम काय करता?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणतो, "काही नाही हो, घरीच असते." डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली. ती घेताना स्वयंपाक कोणी करायचा, ते लिहिलं नाही.

ता.क. तुझा तो निळा पट्टा मला मुळीच आवडला नाही. म्हाताऱ्या बायकांना निळा शोभत नाही.

ता.क. दुसरा: तिथं आणखी एका बाईची जागा आहे का? घडी मी तुझ्याहून चापून घालते. निळा चालेल.

ता.क. तिसरा: याचं उत्तर तू द्यायचं नाहीस. जागा असली तरी नाही म्हणशील; तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. उत्तर तुला कामावर ठेवणाऱ्या मॅडमनी द्यायचं, थेट माझ्या नावावर.