फक्त लिहिण्यापुरता कॉम्प्युटर

२५ ऑक्टोबर, शनिवार

सुरू व्हायला साडेसात मिनिटं! घड्याळ लावून मोजली. तेवढ्यात चहा होतो, पिऊन होतो, कप विसळूनही होतो. मग अँटिव्हायरसची चौकट. मग प्रिंटर सापडत नसल्याची तक्रार — प्रिंटर विकून तीन वर्षं झाली! अशात कादंबरी कशी व्हायची? पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवतोय आणि स्वतःच्या नावावर एक पुस्तक नाही. दिवाळीची सुट्टी अजून दहा-बारा दिवस आहे. आता नाही तर कधी?

आदिनाथला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, भोकरदनला कॉम्प्युटरचं दुकान आहे. म्हणाला, "सर, लिनक्स टाका. बिलकुल हलकं. नुसतं लिहायचंय ना? मंग बाकीचं सगळं काढून फेका."

बाकीचं सगळं काढून फेका. किती बरं वाटलं ऐकून!

२७ ऑक्टोबर

नवी सिस्टीम पेनड्राइव्हवर आणली. आधी तिथूनच चालवून पाहिली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. इंटरनेट नाही, कोपऱ्यात काही उड्या मारत नाही. आदिनाथने दोनदा बजावलं — "बसवली की जुनं सगळं पुसलं जातं, सर. लागणारं आधी बाजूला काढा."

२८ ऑक्टोबर

माझं फोल्डर बाजूला काढलं. पहिल्या प्रकरणाच्या अकरा प्रती. दुसरं प्रकरण नाही.

बायकोचं, वंदनाचंही एक फोल्डर होतं. पूर्वी ती घरी लग्नपत्रिका टाइप करून द्यायची, त्या वेळच्या जुन्या फॉन्टमधलं. नव्या सिस्टीमवर तो फॉन्टच नाही. फाईल उघडली तर मराठीचा पत्ता नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. कचरा. स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "तुझ्या त्या लग्नपत्रिका लागतात का गं?" भाकरी थापता थापता म्हणाली, "आता कशाला लागतेत? त्यातल्या निम्म्यांची लेकरं शाळंत गेली."

झालं तर मग. पुसायचं का, असं मशीनने दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं.

२९ ऑक्टोबर

नऊ सेकंद!!

३१ ऑक्टोबर

सकाळी सहाला बसलो. नऊ सेकंदांत ती पांढरी रेघ लुकलुकायला लागली, ती अकरापर्यंत लुकलुकतच होती. आता दोष द्यायला प्रिंटरसुद्धा नाही. दोनदा अक्षरांचा आकार बदलला. मग दाढी केली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुरू झाली. संध्याकाळी घरी आलो तर वंदना चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसलेली.

"अहो, माझं कुठं गेलं?"

मी म्हटलं, पत्रिका? तूच तर नको म्हणालीस.

पत्रिका नव्हत्या. चार वर्षं ती लिहीत होती — दुपारी, मी शाळेत असताना. सुट्टीत मी घरी असलो की बसायची नाही. तिच्या आईचं लिहीत होती. माझ्या सासूबाई, धावड्याच्या द्वारकाबाई. अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला. दर साली घाट उतरून खानदेशात जायचं, कोणत्या मुक्कामी कोण बाळंत झाली, कोणत्या गावाने विहिरीवर येऊ दिलं नाही — आई फोनवर सांगायची, ही टाइप करायची. मला वाटायचं मायलेकींच्या गप्पा चालल्यात! सव्वाशे पानं झाली होती.

द्वारकाबाई आषाढातच गेल्या. आता विचारायचं कोणाला?

वंदना रडली नाही. चष्मा डबीत ठेवला आणि भाजी निवडायला बसली.

८ नोव्हेंबर

मशीन उचलून भोकरदनला नेलं. दुकानात दिवसभर बसून होतो. चार वाजता आदिनाथ उठला. "सर, त्याच जागंवर नवं बसलं. न्हाई निघत. कुठं एखादी कॉपी केल्ती का?"

केली होती. माझी.

९ नोव्हेंबर, रविवार

वंदनाला म्हटलं, आठवेल तेवढं सांग, मी लिहून घेतो.

"नगं. तुम्ही लिहिलं म्हंजे ते तुमच्या मराठीत व्हईल. आई तसं बोलत न्हवती."

खरं आहे. पोरांच्या वह्यांतली तसली बोली बावीस वर्षं मी लाल पेनाने खोडत आलोय. दुपारी जेवणही गेलं नाही. फार वाईट वाटतं, आणि कोणाला सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर

जेवताना तीच म्हणाली, "किती दिवस तोंड पाडून बसताल? जाऊ द्या. तुम्हाला थोडंच ठाऊक होतं!"

वर भाजी वाढली. मी मान हलवली.

१३ नोव्हेंबर

निदान इथे तरी खरं लिहितो.

पुसायच्या आदल्या दिवशी ती फाईल जुन्या सिस्टीमवर उघडली होती. तिथे अक्षरं नीट दिसत होती. तीन पानं उभ्या उभ्या वाचली. फार चांगलं लिहिलं होतं. मला असं कधीच जमणार नाही, हे कळलं. आणि दुसऱ्या दिवशी मी तिला लग्नपत्रिकांचं विचारलं.