जागा राखीव, हुकुमावरून

दारव्हा,
तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी

आदरणीय अवधूतराव यांस,

सदाशिवचा मनापासून नमस्कार. (वाकून केला असं समजावं. कंबर सध्या वाकायला तयार नाही, त्याचं कारण पुढे येईलच.) आपला गुडघा कसा आहे? वहिनींचं बीपी? बाभुळगावात यंदा थंडी लवकर पडली असं ऐकतो. इकडे सगळं ठीक. आपली बहीण ठणठणीत असून दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलत होती, आता कामाशिवायही बोलते, म्हणजे रागावते. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर समोरचा माणूस मधेच बोलतो, आणि मला मधे कोणी बोललेलं खपत नाही हे आपण लग्नापासून जाणताच.

आमच्या दारासमोर रस्ता आहे. तो सरकारी आहे असं लोक म्हणतात, म्हणोत. पण आमच्या कुंपणाला लागून, कडुनिंबाखाली जी एक गाडी मावेल एवढी जागा आहे, ती मी तहसील कचेरीतून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी झाडतो, तिच्यावर पाणी मारतो. जो झाडेल त्याची जागा, असा कायदा अजून झालेला नाही, ही कायद्याची कमतरता. आमच्याकडे गाडी नाही, हा मुद्दा काही लोक (म्हणजे आपली बहीण) वारंवार काढतात. बरोबर आहे. माझी स्कूटर आत पोर्चमध्ये असते, चारचाकी मला चालवता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. परंतु मितालीला नागपूरला दिलं आहे आणि मंदाररावांकडे गाडी आहे. ते दिवाळीला येतात, जमलंच तर उन्हाळ्यात येतात. आल्यावर त्यांनी गाडी कुठे लावायची, ही काळजी सासऱ्याने वर्षभर आधीपासून करायची नाही, तर कोणी करायची?

समोरच्या घरात भीमसिंग राठोड राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर स्वस्थ बसायचं सोडून त्यांनी जीप घेतली आणि यवतमाळच्या सवाऱ्या न्यायला लागले. माणूस चांगला होता. (पत्रात इथे 'होता'च लिहावं लागेल.) संध्याकाळचा चहा एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे, जमनीवहिनी आणि आपली बहीण तर सख्ख्या बहिणींसारख्या. मग एका उन्हाळ्यात राठोडांनी जीप कडुनिंबाखाली लावली. मी अत्यंत सौम्य शब्दांत विचारलं, की आपल्या दारासमोर जागा नाही काय? ते म्हणाले, "हाय ना सायब, पन तिथं ऊन हाय." इतकं सरळ उत्तर मला अख्ख्या नोकरीत कोणी दिलं नव्हतं. त्यामुळे मी तो अपमान धरला.

दुसऱ्या दिवशी मी तिथे विटा मांडल्या. त्या कोणीतरी चूल मांडायला नेल्या. मग जुना कूलर ठेवला, तो भंगारवाल्याने आपलाच समजून उचलला. शेवटी एक निळं ड्रम आणलं, गवंड्याकडून त्यात गिट्टी-सिमेंट भरून घेतलं, मधोमध लोखंडी गज रोवला आणि गजाला पाटी लावली: 'जागा राखीव. हुकुमावरून.' राठोडांनी ती पाटी सावकाश वाचली आणि कुंपणावरून आपल्या बहिणीला विचारलं, हा हुकूम कोणाचा? तिने सांगितलं, माझा तर नाही. (संसारात पाठिंबा म्हणतात तो असा.)  राठोडांनी जीप आपल्या दारासमोर, उन्हात नेऊन लावली. चहा त्या दिवसापासून बंद झाला. मी जिंकलो होतो, त्यामुळे चहा घरी एकट्याने प्यायला मला काहीच वाटलं नाही, असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगत असे.

चांगल्या कामाचा प्रसार आपोआप होतो. कोपऱ्यावरच्या कांताबाईंनी त्यांच्या दारासमोर खाट टाकली. पलीकडच्यांनी उखळ आणून ठेवलं. एकाने तर भिंतीवर 'डॉक्टर यांची गाडी' असं रंगवून घेतलं. त्या घरात डॉक्टर नाही, गाडी नाही, एक आजारी म्हातारे आहेत, बहुधा त्यांच्यावरून सुचलं असावं. थोडक्यात, पूर्वी ज्या गल्लीत सगळ्यांच्या गाड्या मावत, तिथे आता सगळ्यांच्या जागा मावू लागल्या आणि गाडी एकही मावेना. कचऱ्याची घंटागाडी तोंडाशीच थांबून घंटा वाजवायची. भाजीवाला बाहेरूनच ओरडायचा. सिलिंडर खांद्यावरून येऊ लागले. अशी शिस्त दारव्ह्यात दुसरीकडे दाखवावी.

आणि दिवाळी आली. मंदाररावांनी नवी गाडी घेतलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. सासूबाईंच्या हातून गाडीला ओवाळायचं म्हणून मुद्दाम इकडे आणली. मी मितालीला फोनवर सांगून ठेवलं होतं, जागेची चिंता करू नका, दारव्ह्यात कोणत्याही जावयाला नसेल अशी जागा आहे. गाडी खाट-उखळ चुकवत कशीबशी गल्लीत शिरली, आपली बहीण तबक घेऊन फाटकात उभी राहिली, आणि मी ड्रम बाजूला करायला पुढे झालो.

ड्रम हललं नाही. बुडाशी ते तडकलेलं होतं, तिथून सिमेंट खाली उतरून रस्त्याशी एकजीव झालेलं. कोणी हलवू नये म्हणून केलेलं काम कोणालाच हलवता येत नव्हतं. गवंड्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. मी जोर लावला, तेव्हा ड्रमऐवजी कंबर सरकली. मागे गल्लीच्या तोंडाशी कापसाचा ट्रॅक्टर येऊन हॉर्न देत होता. मंदारराव म्हणाले, राहू द्या बाबा, मी बाजूने घेतो. त्यांनी गाडी मागे घेतली आणि माझ्या पाटीने नव्या गाडीच्या दोन्ही दारांवरून, पुढून मागपर्यंत, एक लांब रेघ ओढली. तो आवाज मी लिहू शकत नाही. मंदारराव उतरले, रेघ पाहिली, पाटी वाचली आणि काही न बोलता परत गाडीत बसले. जावयाने भांडावं, अवधूतराव. न बोलणारा जावई फार महाग पडतो.

तेवढ्यात राठोड बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आपली जीप काढून गल्लीबाहेर नेऊन लावली, परत आले आणि मंदाररावांना हातानेच खूण केली, की इथं लावा. गाडी राठोडांच्या दारात लागली. आपल्या बहिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तबकाकडे, आणि रस्ता ओलांडून गेली. जमनीवहिनींनी नारळ आणला. माझ्या जावयाच्या गाडीला माझ्या बायकोने शेजाऱ्याच्या फाटकात ओवाळलं, आणि मी इकडे एक हात कंबरेवर, एक हात ड्रमवर ठेवून जागा राखत उभा होतो. थोड्या वेळाने आमच्या स्वयंपाकघरातून पुरणपोळ्याही रस्ता ओलांडून गेल्या.

मिताली मला बोलवायला आली. मी म्हटलं, मला भूक नाही. (पोळ्यांचा वास पलीकडून येत होता.) ती ड्रमला टेकली. मग म्हणाली, "बाबा, आम्ही वर्षातून चार दिवस येतो. बाकीचे दिवस तुम्हाला पडल्या-झडल्याला हाक मारायला इथं कोण आहे?"

   मी तिच्या खांद्याचा आधार घेऊन रस्ता ओलांडला. तो रस्ता एवढा अरुंद असेल असं वाटलं नव्हतं. पडवीत सगळे जेवायला बसले होते. राठोड चटईवर थोडे सरकले आणि म्हणाले, "बसा सायब. इथं जागा हाय." मी बसलो. जमनीवहिनींनी वाढलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांच्या पाटोडीच्या रश्श्याच्या तिखटाने, याची कृपया नोंद घ्यावी.

दुसऱ्या दिवशी राठोडांनी जीपला दोर बांधून ड्रम ओढलं. ते निघालं, पण एकटं नाही. रस्त्याचा एक तुकडा आणि त्याखालची नळाची पाइपलाइनही बरोबर घेऊन निघालं. घरापेक्षा उंच कारंजं उडालं. गल्लीत एवढं पाणी कोणी कधी पाहिलं नव्हतं. सगळे बादल्या-हंडे घेऊन धावले, आणि हंडे ठेवायला जागा पाहिजे म्हणून कांताबाईंनी खाट उचलली, पलीकडच्यांनी उखळ लोटलं. दुपारपर्यंत रस्ता रिकामा. दुरुस्तीवाल्याने विचारलं, हे कोणी केलं? सगळ्या गल्लीने ड्रमकडे बोट दाखवलं. मंदाररावही त्यात होते, आणि हसत होते.

तेव्हापासून माझं मन निवळलं आहे. रस्ता सगळ्यांचा असतो, सावलीही सगळ्यांची. चहा पुन्हा सुरू झाला आहे. दारासमोर कोण काय लावतो याकडे मी आता ढुंकूनही पाहत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सदाशिव

ता. क. आपल्या आवारात ती जुनी व्हॅन पडून आहे, ती मिळाली तर बरं होईल. चालू नसली तरी चालेल. किंबहुना चालू नसलेलीच द्यावी, चालू गाडी कोणीतरी हलवतं. झालं असं, की गल्लीत एक नवा भाडेकरू आला आहे आणि तो कडुनिंबाखाली मोटार लावतो. मला स्वतःला काही नाही, पण राठोडांना ते आवडत नाही. ड्रम ठेवणं वाईट दिसतं हे मला पटलं आहे. गाडीच्या जागी गाडी असली, तर कोण काय बोलणार?

आणखी ता. क. रविवारी मी आणि राठोड जीप आणि दोर घेऊन येतो. जेवायला थांबू.

दादा, मी सुहास. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. राठोड भाऊजींचं नाव ह्यांनी उगाच घातलं नाही, दोघंही सारखेच झाले आहेत. रोज संध्याकाळी कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून चहा पितात आणि मोटार आली की उठतच नाहीत. तो भाडेकरू बिचारा दोन चकरा मारून निघून जातो. मी आणि जमनी काहून बोलावं, उगाच कशाला भांडण, म्हणून गप बसतो. तू त्यायले सांग, व्हॅन विकली. आवारात दिसायला नको म्हणून तेवढ्या रविवारपुरती तुझ्या शेजाऱ्याच्या दारासमोर ढकलत नेऊन लाव. तुझं आणि शेजाऱ्यांचं बोलणं आहे ना अजून?