कमलीची दोरी

चौबे कॉलोनी, रायपूर
१३ जानेवारी २०२५

ती. कमलाआत्यास,
नीलिमाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की बाबा शेजारच्या खुर्चीतून विचारतात, कोणाशी भांडून राहिली. शिवाय बाबांविषयीचं बोलणं बाबांच्या देखत कसं करायचं? म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसले आहे. उत्तरही ऑफिसच्या पत्त्यावरच पाठवा.

आधी चांगली बातमी. तुमचं धनुष्य शिकंज्यातून निघालं. निवृत्तीनंतर बाबांनी कुठून कुठून आलेली जुनी रिकर्व्ह धनुष्यं दुरुस्त करून दिली, पण सख्ख्या बहिणीचं मात्र तुमच्या लग्नापासून माळ्यावर पडून होतं. दिवाळीनंतर एक दिवस स्वतःच शिडी लावून काढलं. पात्यांचे थर टोकाशी सुटले होते. पातळ सुरीनं आतली घाण काढून, डिंक भरून, उरल्याच्या कारखान्यातल्या तुळशीरामकाकांनी बनवून दिलेल्या छोट्या शिकंज्यांत ते आवळून ठेवलं. खालची पाती थोडी पिळली होती, ती ओल्या गरम फडक्यानं शेकून रोज जराजरा सरळ केली. आता फक्त मुठीचं पॉलिश आणि नवी दोरी राहिली आहे. भीमजयंतीला ते स्वतः तिरोड्याला घेऊन येणार आहेत. म्हणतात, खांदा दुखो का काही होवो, कमलीले एकदा तरी ओढायला लावीन.

आता दुसरं. मुठीला पॉलिश झालं की ते वाळायच्या आत बाबा पुन्हा तेच पॉलिश लावायला घेतात. मी सांगितलं तर म्हणतात, लावलंच नाही. मागच्या आठवड्यात फिरायला गेले ते आपल्या जुन्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर जाऊन बसले. तिथल्या भल्या माणसांनी चहा दिला आणि मला फोन केला. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आहेत. तुमचा भाचा भूषण बंगळुरूहून रोज फोन करतो आणि रोज तेच विचारतो, बाबा आता धनुष्यांना हात लावत नाहीत ना. ताणलेली दोरी, धारदार हत्यारं, त्याची काळजी खोटी नाही. पण ती खोली बंद केली तर बाबांकडे उरेल काय, हे मला त्याला सांगता येत नाही.

काल कुकरचं झाकण मी उलटं धरलं तर नेहमीसारखं हसून म्हणाले, कमलीची दोरी चढवली पोट्टीनं. मला बरं वाटलं. मग थोड्या वेळानं दाराकडे पाहत विचारलं, कमली शाळेतून आली नाही का अजून. मला वाटलं गंमत करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत.

पथ्य सांभाळा. माया आहेच, ती अशीच कार्डांतून येत राहू द्या.

तुमची,
नीलिमा


तिरोडा
२० जानेवारी २०२५

चि. नीलिमास,
आत्याचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू लहानपणापासून घाबरट. पाल पडली तरी सगळा मोहल्ला गोळा करायचीस. दादा काय आज विसरून राहिला? मीठ आणायला पाठवलं तर मासे पकडून परत यायचा. आमची माय म्हणायची, याचं डोकं कुठंतरी ठेवलेलं असते, सापडलं की लावतो. वय झालं की माणूस जरा इकडेतिकडे होतो. मीही काल चष्मा लावून चष्मा शोधला. डॉक्टर लोकांले काय, तपासण्या लिहायला कागद हवा असतो.

कमलीची दोरी हा शब्द तुम्ही पोरं सारखा वापरता, पण गोष्ट तुले कोणी सांगितली नसेल. आमच्या गावात मडावीकाकांनी आम्हा दोघांले बांबूच्या धनुष्यावर शिकवलं. बांबू जिकडे झुकलेला, तिकडेच आणखी वाकवून दोरी चढवायची, सरळ काम. दादा रेल्वेत लागला आणि पहिल्या सुट्टीत हे नवं धनुष्य घेऊन आला. रिकर्व्हची तऱ्हाच उलटी. दोरी नसते तेव्हा ते एका बाजूला झुकलेलं दिसते, आणि दोरी चढवायची त्याच्या विरुद्ध बाजूनं वाकवून. मले कोण सांगणार? दादा आंघोळीला गेला आणि मी बांबूसारखी चढवायला घेतली. कर्र असा आवाज झाला. तो ओल्या अंगानं धावत आला, माझ्या हातातून हिसकावलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कापड उलटं शिवलं, चप्पल उलटी घातली, की घरात सगळे म्हणायचे, कमलीची दोरी. मले लई राग यायचा. आता तो शब्द ऐकायले बरा वाटते.

धनुष्य तयार होऊन राहिलं हे वाचून उगाच खांदा चोळून पाहिला. ओढणं काही होणार नाही, पण हातात तर धरीन. भूषणले सांग, म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढू नये.

लोभ कमी करू नकोस, आणि पत्रात अक्षर मोठं काढत जा.

तुझी आत्या,
कमला


रायपूर
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र लिहायला मी दोन वेळा घेतलं आणि फाडलं. सरळच सांगते. तुमचं धनुष्य मोडलं.

भूषण चार दिवसांसाठी आला होता. रविवारी सकाळी बाबा फार खुशीत होते. दाढी केली, पांढरा शर्ट घातला, आणि आम्हा दोघांना अंगणात बोलावलं. नवी दोरी त्यांनी स्वतः वळली होती. भूषणला सांगत होते, लांब उभा राहा, हे खेळणं नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होते, तुम्हाला पाठवावा म्हणून. त्यांनी पाय टेकवला, पाती वाकवली, आणि मला दिसलं. ते दोरी उलट्या बाजूनं चढवत होते. आत्या, ज्या माणसानं मला अक्षरांच्या आधी दोरीची बाजू शिकवली, तो माणूस. मला वाटलं, मलाच चुकीचं दिसतं आहे. बाबा चुकतील यापेक्षा माझे डोळे चुकले असतील, हेच मला आधी सुचलं. तेवढ्यात आवाज झाला. वरची पाती मुठीपासून उकलली, आणि एक ढलपी उडून त्यांच्या भुवईवर लागली. टाके पडले. डोळा वाचला.

ते खाली बसले. रक्त पुसू देत नव्हते. तुकडे मांडीवर घेऊन बघत राहिले. भूषण रागानं की भीतीनं, ओरडला, बाबा, काहून केलं असं. तर बाबा अगदी शांतपणे म्हणाले, मी नाही केलं, कमलीनं केलं. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, तिले कोणी रागावू नका, लहान आहे ते, तिले माहीत नाही.

तपासण्यांचे निकाल आले आहेत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक असेलच, मी इथे लिहीत नाही. वाढत जाणार, एवढंच म्हणाले. भूषणनं जाताना खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्याचं म्हणणं, उरलेली धनुष्यं ज्याची त्याला परत करू आणि बाबांना मे महिन्यात बंगळुरूला नेऊ. तिथे सोसायटीत लिफ्ट आहे, बाग आहे. बाबा दिवसभर त्या कुलपासमोर स्टूल टाकून बसतात. विचारलं तर म्हणतात, वाट पाहून राहिलो. कोणाची, ते सांगत नाहीत. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, आणि दिवसभर ऑफिसात ती मला जड वाटते.

तुमची क्षमा मागायला हवी. व्हिडिओ काढण्याऐवजी मी हात पुढे करायला हवा होता.

नीलिमा


तिरोडा
२७ फेब्रुवारी २०२५

चि. नीलिमास,
जयभीम व पोटभर आशीर्वाद.

क्षमा मागू नको. मागच्या पत्रात मीच मोठ्या तोंडानं तुले घाबरट म्हटलं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. सुनेला वाटलं धनुष्यासाठी रडून राहिली. धनुष्याचं काय, मी ते कधीच दुसऱ्याचं समजून सोडून दिलं होतं. मग परसात जाऊन उभी राहिले आणि हात हलवून पाहिले, दादानं कसं केलं असेल. पाय टेकवला, वाकवलं. माझे हात आपोआप त्याच बाजूला गेले. पोरी, ती बांबूची बाजू आहे. मडावीकाकांच्या अंगणातली. दादाचे हात गावाले गेले आहेत, रिकर्व्ह यायच्या आधीच्या गावाले. तिथं तो काही चुकला नाही. तिथं असंच चढवतात.

आणि तो म्हणाला ते, तिले रागावू नका. त्या वेळी दोन दिवस बोलला नव्हता. इतक्या वर्षांनी बोलला, तेही मी तिथं नसताना.

माझं मत कोणी विचारलेलं नाही, पण सांगते. खोली उघड. माणसाले कुलपासमोर बसवू नये. लाकूड घासू दे, पॉलिश लावू दे, दहादा लावलं तर दहादा लावू दे. धोका दोरीत आहे, दोरीशिवाय धनुष्य म्हणजे नुसतं लाकूड. म्हणून घरातल्या सगळ्या दोऱ्या, सुतासकट, गोळा कर आणि मले पाठवून दे. तुझ्याजवळ ठेवशील तर तो मागेल आणि तू देशील, तुझं मन मले ठाऊक आहे. भूषणलेही हे पत्र दाखव. त्याच्यावर रागावू नको, दुरून भीती मोठी दिसते.

दादाले हाती कागद-पेन देऊन पाहा. लिहितो का काही.

तुझ्या जीवाले जप.

आत्या


रायपूर
१६ मार्च २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

दोऱ्यांचं पार्सल वेगळं पाठवलं आहे. खोली उघडली. भूषणनं तुमच्या पत्राचा फोटो मोबाईलवर वाचला आणि म्हणाला, मेचं नंतर बघू. बाबा आता रोज सकाळी तुमच्या मोडक्या धनुष्याची मूठ घासत बसतात. ती काचेसारखी झाली आहे.

सोबत बाबांचं पत्र जोडलं आहे. मी वाचलं. मधे एका ओळीला थांबले. तुम्हीही थांबाल. पत्र बदलावं असं वाटलं, पण तसंच पाठवते.

नीलिमा


रायपूर
होळीनंतर

चि. कमलीस,
दादाचा जयभीम व आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तू शाळेत जातेस का? मायले सांग, पगार झाला की येतो.

एक नवीन प्रकारचं धनुष्य आणून राहिलो आहे. पाहशील तर हसशील, उलटं झुकलेलं असते. मी येईपर्यंत त्याला दोरी चढवू नको. बाजू मी दाखवीन. मोडलं असेल तरी भिऊ नको, मी जोडतो. मले जोडता येते.

इथं मी काम करतो त्या खोलीत दोऱ्या ठेवल्या होत्या, त्या कोणी नेल्या कळत नाही. घरात एक बाई आहेत. चांगल्या आहेत. वेळेवर चहा देतात, औषध देतात. हसल्या की आपल्या मायसारख्या दिसतात. कोणाच्या आहेत विचारायला लाज वाटते. तू आलीस की तू विचार.

मडावीकाकांले नमस्कार.

तुझा दादा,
भैय्यालाल


तिरोडा
२३ मार्च २०२५

ती. दादास,
कमलीचा जयभीम. पाया पडते.

तुझं पत्र मिळालं. मी शाळेत जाते. माय बरी आहे, तुझी वाट पाहते.

त्या बाईंचं नाव नीलिमा आहे. आपल्याच आहेत, अगदी घरच्या. त्यांना विचारायची लाज धरू नको, त्यांचं काही ऐकलं नाही तर मात्र मी रागावीन. चहा घेतला की कप धुऊन ठेवत जा, त्या दिवसभर कामाला जातात.

मले बांबूचीच बाजू येते, तुझी बाजू मी अजून शिकले नाही. म्हणून नव्या धनुष्याला हात लावणार नाही. तू मूठ घासत राहा, घाई नाही.

दोऱ्या शोधू नको, दादा. सगळ्या माझ्याजवळ आहेत. खिडकीशी खिळ्याला टांगून ठेवल्या आहेत. तू आलास की चढवू.

तुझी,
कमली